बाबा माझ्याआधी ‘हौ’ म्हणाले

आमच्या घरात कोर्ट पाहिलेला मी पहिला. कॉलेज पाहिलेलाही मीच पहिला. दोन्ही एकाच वर्षात व्हायला नको होतं.

सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला तेव्हा दुपार होती. आम्ही चौघं मित्र हिमायतनगरच्या एका गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीवर बियर पीत बसलो. मी एक बाटली प्यालो. पोलिसांची गाडी आली, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आणि चौघांच्याही कागदावर एकच वाक्य लिहिलं: दारू पिऊन रस्त्यावर आरडाओरडा, शिवीगाळ. दोघं मोठ्यानं गात होते हे खरं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. ठाण्यात आई-वडिलांना बोलावलं आणि कोर्टाची तारीख देऊन सोडलं.

बाबा सरकारी ऑफिसात शिपाई आहेत. आम्ही दर रविवारी विहारात पंचशील घेतो. पाचवं शील मद्याचं. ते म्हणताना बाबांचा आवाज नेहमी जरा चढतो, कारण आजोबांची दारू त्यांनी लहानपणी सोसलेली. ठाण्यात ते हवालदाराला म्हणाले, “गलती हो गई साब, बच्चा है.”

कोर्टाच्या दिवशी बाकीचे तिघं निवांत होते.
“हौ बोल देना, दंड भरना, निकल जाना. चालान के जैसा है रे,” एक म्हणाला. “उसके बाद सुलतान बाजार में मिर्ची भजी.”

बाबांनाही ते पटलं. “साहेबांपुढं वाद घालायचा नसतो, लेका. हौ म्हण अन् मोकळा हो.”

बाहेरच्या बाकावर कोर्टानं नेमलेल्या एक वकीलबाई बसल्या होत्या. मी त्यांना भीतभीतच विचारलं.

“गुन्हा कबूल केला तर शिक्षा झाली असं धरतात,” त्या हिंदीत म्हणाल्या. “दंड लहान असला तरी. उद्या सरकारी नोकरीची पोलीस चौकशी झाली, तर हे सांगावं लागेल. लपवलंस तर जास्त वाईट. आणि नाही म्हणालास तर तारखा पडतील. तुझं तू ठरव.”

बाबा ऐकत होते. मी सरकारी नोकरीत लागावं, तेही खुर्चीवर, एवढंच त्यांना आयुष्यभर हवं होतं. पण ते म्हणाले, “बाई शिकलेल्या आहेत. तारखांना खेटे घालणं आपल्याला कुठं झेपतंय.”

तिघांनी एकामागून एक हौ म्हटलं. मग माझं नाव पुकारलं. मॅजिस्ट्रेटांनी तेलुगूत आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, कबूल आहे का?

पाचवं शील मी मोडलं होतंच. चौथं खोटं न बोलण्याचं. हौ म्हटलं तर अर्धं खोटं, नाही म्हटलं तरी अर्धं खोटं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “हौ साब. मानता है.”

बाबा उभे राहिले होते, हात जोडून. ऑफिसात घंटी वाजली की ते उभे राहतात तसे.

“तुम्ही कोण? त्याला बोलू द्या,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

मी मागं बघितलं नाही. “मी प्यालो होतो, सर. ओरडलो नाही. शिवी दिली नाही.”

“म्हणजे आरोप कबूल नाही?”

“नाही, सर.”

पुढची तारीख मिळाली. आत्ता शिक्षा लागली नाही, पण केस डोक्यावर आहे. पुढं काय होईल ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही.

बाहेर मित्र म्हणाले, “क्या वकीलसाब, भजी खाते क्या जेल जाते?” आणि हसत ऑटोत बसले. ते सुटले होते, किंवा त्यांना तसं वाटत होतं. शिक्षेची नोंद राहते हे मी सांगायचा प्रयत्न केला, पण ऑटो निघाली होती.

बाबा बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. भर कोर्टात मी त्यांना खोटं पाडलं होतं, हे मला त्यांच्या मानेकडं बघून कळत होतं. माफी मागावी वाटली, पण नेमकी कशाची ते ठरेना.

बरकतपुऱ्याला उतरल्यावर ते थोडं पुढं चालले, मग थांबले.

“साहेबांनी पुन्हा विचारलं तर?”

“हेच सांगणार, बाबा.”

“प्यालो, हे पण?”

“हौ.”

त्यांनी रुमालानं मान पुसली.

“तारखेला रजा टाकतो,” ते म्हणाले. “मागं बसीन. बोलणार नाही.”