फक्त हात कुठे जातो ते लिही

दुकानदाराने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. किंमत जवळपास सारखीच. एकाच्या पडद्यावर, वरच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा होता, पण पडदा लहान आणि डीव्हीडी लावायची सोय नाही. दुसऱ्याचा पडदा मोठा, आवाज चांगला, डीव्हीडी चालायची. कॅमेरा मात्र नव्हता.

"रोजच्या साध्या वापराला कुठला घेऊ?" मी विचारलं.

"साहेब, वापरणार कोण ते सांगा. मग सांगतो," तो म्हणाला.

वापरणार होती माझ्या शाळेतल्या मित्राची आई. ती आमच्याच गावातल्या राजिवडा मोहल्ल्यात एकटी राहायची. जन्मापासून मुकी-बहिरी. मित्र मस्कतला. राजिवड्यात घरोघर आखातातून फोन यायचे, पण तिला फोनचा काय उपयोग? कुणाचा फोन आला की ती दारात उभी राहून बोलणाऱ्याचं तोंड बघत बसायची. म्हणून मित्राने माझ्याकडे पैसे पाठवले होते. "कुठला घ्यायचा ते तू ठरव. मायला मी दिसलो पाहिजे आणि मला माय. बाकी काय पण नसलं तरी चालेल." इतकं स्पष्ट सांगितलं होतं त्याने.

मी डीव्हीडीवाला घेतला. तिच्या घरी फोनची लाइन नव्हती, म्हणजे नेटही नव्हतं, त्यामुळे लॅपटॉप आमच्याच घरी राहणार होता, आणि तो राहणारच असेल तर आपल्यालाही सिनेमे बघता येतील, असं माझ्या मनात आलं. दुकानदाराला मी म्हणालो, "माझ्याच वापराचा आहे." मित्राला कळवलं की कॅमेरा बाहेरून जोडता येतो, काळजी करू नकोस. बाहेरचा कॅमेरा आणलाही, पण तो त्या मशीनवर काही केल्या चालेना. दुसरा कोल्हापूरहून मागवतो, असं दुकानदार म्हणाला. मी दोनदा विचारायला गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. घरात सिनेमे चालू होते.

मित्राकडे कॅमेरा होता. त्यामुळे तिला तो दिसायचा, त्याला ती दिसायची नाही. हे तिला सांगू नकोस, आठवडाभरात कॅमेरा येतोच आहे, असं मीच त्याला लिहिलं. तो माझ्यावर विसंबला.

शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. दुपारची नमाज झाली की मावशी यायची. मी तिला मावशी म्हणायचो, तिला ते कधी ऐकू आलं नाही. धुतलेली पांढरी ओढणी, हातात पानात बांधलेले तिसऱ्यांचे शिंपले नाहीतर घरची अंडी. पडद्यावर मुलगा दिसला की ती मोठ्याने हसायची. आपला आवाज कधीच न ऐकलेल्या माणसाचं ते हसणं ऐकून माझी मुलगी पहिल्यांदा घाबरली होती. मग तिचे हात सुरू व्हायचे. खाणं, पाणी, ये, जा एवढ्या खुणा शेजारपाजाऱ्यांना कळायच्या. या दोघांच्या मात्र शेकडो खुणा होत्या. तो लहान असल्यापासून दोघांनी मिळून केलेल्या.

"तू अर्थ लावत बसू नको," मित्राने पहिल्याच दिवशी टाइप केलं. "फक्त हात कुठे जातो ते लिही. अर्थ माझा मी लावतो."

मशीनला माइकही नव्हता, सगळं टाइप करायला लागायचं. पहिले काही शुक्रवार मी तसंच लिहिलं. उजवा हात वर, छपराकडे. मग पाच बोटं खाली टपटप. मग कपाळावर हात. तो तिकडे हसायचा. "कौलं गळतात म्हणते. कौलं शाकारणारा आला नाही, त्याला शिव्या देते." त्याला हसताना बघून तीही हसायची. मला फार मोठं काम करतोय असं वाटायचं.

पण तिचे हात भरभर चालायचे आणि मी दोन बोटांनी टाइप करणारा. कंटाळा आला. मग मी लिहू लागलो, बरी आहे म्हणते. वेळेवर जेव म्हणते. ईदला येशील का विचारते. आया सांगतात तेच.

बायको तिथेच तांदूळ निवडत बसायची. एकदा म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं एवढं कळायला लागलं! मी तोंडाने सांगते ते कळत नाही."

"सवयीने येतं."

"मस्करी नाही करत. खरंच कळतं?"

मी टाइप करत राहिलो.

पावसाळा संपल्यानंतरच्या एका शुक्रवारी तिने मूठ छातीच्या मधोमध ठेवली, दाबली, आणि दुसऱ्या हाताने डावा हात खांद्यापासून पार मनगटापर्यंत निपटून काढला. ओलं कापड पिळावं तसं. मी लिहिलं, तुझी आठवण येते म्हणते. पडद्यावर मित्राने स्वतःची कानाची पाळी धरली आणि मान डोलावली. आठवणीची त्यांची खूण ती असावी. मावशीने त्याच्याकडे बघितलं आणि नाही नाही अशी मान हलवली. पुन्हा मूठ, पुन्हा दंड, या वेळी सावकाश, मोठं करून. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी लिहिलं, नाही नाही अशी मान हलवते, फारच आठवण येते म्हणते.

पुढच्या शुक्रवारीही तिने तेच केलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याआधीच्या बुधवारी सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मित्र पोचला तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. ओटीवर आम्ही दोघे बसलो होतो, आत शेजारच्या बायका होत्या. तो म्हणाला, "शेवटी शेवटी माय मान का हलवत होती रे? मी आठवणीची खूण केली तर नाही म्हणाली. तिचा हात कुठे जात होता?"

मी करून दाखवलं. मूठ, मग दंड.

तो बघत राहिला. "ही आमच्यात नव्हती," तो म्हणाला. "ही तिने नवीन केली. परत दाखव." मी परत दाखवलं. त्याने माझ्यासारखं करून बघितलं, आणि हात मनगटापर्यंत जायच्या आधीच थांबला.

"तू लिहिलं का नाहीस?"

"नेट फार हळू होतं त्या दिवशी," मी म्हणालो.

नेट हळू नव्हतं. त्याचं चित्र एकदाही अडकलं नव्हतं.

आतून चहा घेऊन आलेली शेजारीण दारातच उभी होती. तिने आमचे हात पाहिले होते. "असं आमाला पण करून दाखवायची," ती मित्राला म्हणाली. "दोन वेळा दाखवलंन. मी म्हटलं डॉक्टरकडे नेते, तर यांच्या घराकडे बोट दाखवलंन." तिने माझ्याकडे मान वळवली. "म्हणजे, पोराला सांगितलंय, तो काय सांगेल तसं करूया. मग आमी पण थांबलो."

मित्राने तिच्या हातातून चहा घेतला. एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला.