वाय दाबणारे भाऊजी

त्या दिवशी मी काही भिंतीला कान लावला नव्हता. भिंतच पातळ होती. पलीकडे माझे धाकटे दीर लेकीवर ओरडत होते, नुसती बडबड करून कुणाचं पोट भरतं का म्हणून. तिला परगावी रेडिओवर बोलायचं काम मिळालं होतं. ती म्हणाली, "ऐकायचं नसेल तर ऐकू नका," आणि पिशवी उचलून गेली. त्यानंतर नऊ वर्षं बापलेकीत अबोला.

भाऊजी टाईपरायटर दुरुस्त करायचे. इंग्रजीचं एक वाक्य कळत नसे, पण अक्षर न् अक्षर बोटांना पाठ. टाईपरायटर भंगारात गेले, गिऱ्हाईकं गेली, बायको गेली. राग तेवढा ठणठणीत राहिला.

लेकीचा रेडिओ इंटरनेटवर लागायचा, दुपारी तीनला, तासभर. एकदा झाला की गेला, पुन्हा ऐकायची सोय नाही. भाऊजींनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून जुना कॉम्प्युटर आणला आणि कार्यक्रम भरून ठेवायची कमांड पुठ्ठ्यावर लिहून घेतली. काळ्या पडद्यावर ती लांबलचक ओळ ते रोज एकही चूक न करता बडवायचे. यंत्राने मधेच काही विचारलं तर काय करायचं, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं. दुरुस्तीवाला घाईत होता. म्हणाला, वाय दाबा, वाय म्हणजे हो.

पहिल्या दिवशी यंत्र गप्प होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज एक इंग्रजी ओळ येऊन थांबायची. भाऊजी वाय दाबायचे. मला म्हणायचे, बघा वहिनी, याला रीतभात आहे, विचारून काम करतं. मी तिथेच भाजी निवडत मान हलवायचे. चौथी शिकलेली मी, मला काय कळतंय! दोन वर्षं हे असंच चाललं. भरलेलं उघडून मात्र त्यांनी एकदाही ऐकलं नाही, तेवढा राग होताच.

मग तिचा मला फोन आला. तिचा रेडिओ बंद झाला होता आणि मालकांनी जुनं सगळं पुसून टाकलं होतं. दुसरीकडे एक जागा होती, पण त्यांना शुक्रवारपर्यंत तिचे दहा कार्यक्रम ऐकायचे होते, आणि तिच्याकडे एकही नव्हता. मी म्हटलं, रडतेस कशाला, तुझ्या बापाकडे दोन वर्षांचे आहेत.  ती म्हणाली, "काकू, माझी समजूत घालायला खोटं बोलू नकोस."

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आत एकच फाईल निघाली, शेवटच्या दिवसाची. फाईलचं नाव रोज तेच, म्हणून यंत्र रोज विचारत होतं, की या नावाचं आधीचं आहे, ते पुसून त्यावर हे भरू का? आणि भाऊजी रोज हो म्हणत होते.

भाऊजींनी पुठ्ठा टराटरा फाडला. "टाईपरायटरवर पुढची ओळ खाली उमटते," ते ओरडले. "अक्षरावर अक्षर आपटलं तरी आधीचं दिसतं. मागचं गिळणारं हे कसलं यंत्र?" दुरुस्तीवाल्याचा बाप काढून झाला, माझं माहेर काढून झालं. तेव्हा माझंही डोकं फिरलं.

"पोटच्या पोरीला एकदा हो म्हणवलं नाही," मी म्हटलं, "आणि या डबड्याला सातशे वेळा हो म्हणालात."

लागलं त्यांना. लागायलाच हवं होतं. मला अजून त्याचा पस्तावा नाही.

एका कार्यक्रमावर तिला ती जागा काही मिळाली नाही. हे सांगायला तिने मला फोन केला, तो भाऊजींनी माझ्या हातातून ओढून घेतला, आणि दोघं तासभर कडाकडा भांडली. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. फोन ठेवताना ते म्हणाले, उद्या परत करतो, अजून माझं संपलेलं नाही.

वर्षाने तिला एका लहानशा रेडिओवर काम लागलं. भाऊजी आता फाईलच्या नावात रोज तारीख घालू लागले. यंत्रावर भरवसा नाही म्हणून दर सोमवारी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून माझ्या कपाटात आणून ठेवायचे.

ज्या बुधवारी ते गेले, त्याच्या आधीच्या सोमवारीही आले. पेनड्राइव्ह ठेवला, बिजागरी कुरकुरते म्हणून मला दोन शब्द ऐकवले, आणि कपाट नीट लावून घेतलं.