न पडलेली मुरड

नात तिसऱ्या दिवशी निळी पडली, म्हणून तिला परळच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. सूनबाई अजून लालबागच्या प्रसूतिगृहातच होती. मुलगा रक्ताच्या पिशवीसाठी धावत होता. डॉक्टरीणबाईंसमोर मी एकटीच बसले.

मी चौथी शिकलेली. त्यांनी ओळखलं असावं. कागदावर एक जाड नळी काढली.

"आजी, पोटात बाळाचं हृदय घडताना वरची नळी एकच असते. मग तिच्यात पडदा येतो आणि एकीच्या दोन होतात. एक अंगभर रक्त नेते, दुसरी फुप्फुसांकडे. हा पडदा वळत वळत यायला हवा, तेव्हा दोघी आपापल्या कप्प्यावर बसतात. हिचा सरळ आला. नळ्यांची अदलाबदल झाली."

मला समजलं. ऑर्डरीच्या करंज्यांना मुरड घालण्यात माझा जन्म गेला. बोटांनी वळवलं नाही, तर कड सरळच राहते.

"हे कधी होतं?" मी विचारलं.

"सहाव्या-सातव्या आठवड्यात. दिवस गेलेत हेही तेव्हा जेमतेम कळतं. कोणाची चूक नाही आजी. घरी सांगा सगळ्यांना."

मी मान हलवली. नळीखाली त्यांनी आठवडे लिहून दिलेला तो कागद घडी करून कमरेला खोचला. त्याच सकाळी मी सूनबाईच्या खाटेशी उभी राहून, माझ्या नणंदेदेखत बोलले होते, "शिव अजून बटणं! ग्रहणात सुई धरू नको म्हटलं होतं ना? बघ आता." एरवी चारचौघांत माझा शब्द फुटत नाही. तो मात्र फुटला. ग्रहण होतं तेव्हा तिला सातवा महिना होता. नळ्या त्याच्या कितीतरी आधी बसून गेल्या होत्या.

संध्याकाळी पेज घेऊन गेले. तिने विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"ऑपरेशन करणार." एवढंच मी बोलले. पुढचं सांगायचं, तर सकाळचं मागे घ्यावं लागलं असतं.

ऑपरेशन झालं. नात आता पहिलीत आहे, छातीवर उभी रेघ घेऊन जिने चढते-उतरते. डॉक्टरांनी पुढे सूनबाईलाही सांगितलं असेल. पण माझा शब्द आधी जाऊन बसला होता.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. मागच्या महिन्यात दुपारचं ग्रहण होतं. तिने रजा काढली आणि खिडकी लावून, बोटं ताठ ठेवून उताणी पडून राहिली. पाठीला रग लागली तरी कूस बदलेना.

मी पेला घेऊन दारात गेले. "अगं, पाणी तरी पी. काही होत नसतं."

"नको आई. एकदा झालंय ना माझ्यामुळे."

डॉक्टरीणबाईंचा तो कागद अजून माझ्या पेटीत लुगड्याखाली आहे. काढून तिच्यासमोर धरला असता, तरी पुरे होतं. मी पेला हातात घेऊन ग्रहण सुटेपर्यंत दारातच उभी राहिले.