हिऱ्यातला ठिपका

सराफाने पांढऱ्या कागदावर दोन हिरे ठेवले. आकार सारखाच, पण एकाची किंमत दुप्पट. साखरपुड्याची अंगठी घ्यायला एक मुलगा आणि मुलगी आले होते. महागड्या हिऱ्याकडे पाहून मुलाने खिसा चाचपला. मी शेजारी माझ्या साखळीची वाट पाहत होतो.

"स्वस्तातल्यात कमी काय आहे?" मुलीने विचारलं.

"आत बारीक ठिपका आहे, ताई. भिंगाशिवाय दिसत नाही. उलट अंगठी दुरुस्तीला दिलीत, तर त्यावरूनच आपला हिरा ओळखायचा."

"हिला डागाचा नको," मुलगा पुटपुटला.

जवळची माणसंही आपण अशीच ओळखतो, बोलताना कुठे अडखळतात त्यावरून.

मुलीने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग भिंग त्याच्या हातात दिलं.

"हाच घेऊ. तूही बघून ठेव, नाहीतर दुसरीचा घेऊन येशील."

त्याने वाकून भिंग डोळ्याला लावलं. त्याचे कान लाल झाले होते.