हिरव्या डब्यांचा पुरावा

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आदल्या दिवशी पुण्याचा एक संग्राहक पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आला आणि काकांची पत्र्याची आगगाडी बघून गेला.

काका मुंबईत खेळण्यांच्या कारखान्यात होते. तिथे पत्र्यावर आधी छपाई व्हायची, मग पत्रा दुमडून डबा तयार व्हायचा. इंजिनाच्या पोटात स्प्रिंग, बाजूला किल्ली. आधी लाल डबे निघाले, नंतर निळे. अगदी शेवटी थोडे दिवस हिरवे, असे काका सांगत. मग प्लास्टिक आले, छपाईचे यंत्र भंगारात गेले आणि काका एक इंजिन, तीन डबे घेऊन गावी आले. तेव्हापासून गाडी मखरापुढे एक फेरी मारते, त्यानंतरच आरती सुरू होते.

संग्राहक या गाड्यांचा इतिहास लिहीत होता. लाल आणि निळ्या डब्यांचे नमुने त्याच्याकडे होते. हिरव्यांबद्दल कारखान्यातले कोणीच खात्री देईना. काकांना पुस्तकात तेवढी एक ओळ हवी होती. त्यांनी फोनवर सांगितले, "या. घरात हाय."

संग्राहकाने हातमोजे घालून गाडी उचलली. डबे चांदीसारखे चमकत होते. रंगाचा ठिपका नव्हता.

"हिरवे कुठे आहेत?" त्याने विचारले.

"हेच," काका म्हणाले.

दर गणपतीला काकू समया आणि तांब्यांबरोबर गाडीही चिंच, राख आणि काथ्याने घासते. आधी अक्षरे गेली, मग खिडक्या, मग रंग. हे घरात सगळ्यांना दिसत होते. काकांच्या लेखी गाडी हिरवी होती, म्हणून कोणी बोलले नव्हते.

"देवापुढं ठेवायची ती कळकट ठेवू?" काकू म्हणाली.

शेवटच्या डब्याच्या टपावर कुंकवाचे एक बोट होते. गाडी घरी आली त्या दसऱ्याला काकूच्या सासूने लावलेले. काकू तेवढी जागा सोडून घासते.

"याच्याखाली हिरवा असेल," म्हणत संग्राहकाने कापूस आणि तेलाची बाटली काढली.

"सासूबाईंच्या हातचं कुंकू हाय. पुसायचं नाय."

"अगो, नखभर," काका म्हणाले. "माझ्या गाडीचा प्रश्न हाय."

"गाडी तुमची. कुंकू त्यांचं."

काकांनी संग्राहकाच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावले. "हिरवा हाय तो. एवढं लिवा."

"पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही," संग्राहक म्हणाला. त्याने चारही बाजूंनी फोटो काढले, चहा घेतला आणि तो महाडकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीने फेरी पूर्ण केली. आरती झाली.

पुस्तक या उन्हाळ्यात आले. त्यात लाल आणि निळ्यानंतर तिसरी नोंद आहे: चंदेरी मालिका, छपाईविना, टपावर लाल खूण. ज्ञात संच एक. हिरव्या डब्यांचा उल्लेख नाही.