कापलेलं नाव

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मला रियाधच्या बत्हा नावाच्या बाजारपेठेतली ती कोकणी खानावळ आठवते. तेव्हा मी तिथल्या सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका वृत्तवाहिनीत व्हिडिओ एडिटर होतो. घरचे पुण्यात होते, ऑफिसात मराठी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून दर शुक्रवारी मी तिथे जेवायला जायचो. रत्नागिरीकडचे एक सुतार चाचा तिथेच ओळखीचे झाले. शहरातल्या नव्या इमारतींवरच्या कार्यक्रमासाठी कामगार हवा होता, तेव्हा मी त्यांनाच बोलावलं. कॅमेऱ्यासमोर ते म्हणाले, "शहर छान बांधलंय आम्ही. पण माझा जोडीदार उन्हात काम करताना गेला, त्याचीही आठवण ठेवा." मग त्यांनी त्याचं नाव, गाव सावकाश सांगितलं. एडिटिंगला बसलो तेव्हा संपादक माझ्या मागे उभे होते. "पहिलं वाक्य ठेव, पुढचं खलास," ते म्हणाले. मी का म्हणून विचारलंही नाही. जोडीदाराचं नाव कापून तिथे चकचकीत काचांचं दृश्य जोडलं. पुढच्या शुक्रवारी खानावळीतल्या टीव्हीवर कार्यक्रम लागला. चाचा दिसताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपला, तरी चाचा पडद्याकडेच बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "त्याच्या बायकोला फोन करून सांगितलं होतं रे, आज बघ म्हणून." मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो आणि परत तिथे गेलो नाही. आता मी पुण्यात लग्नांचे व्हिडिओ करतो. ते नाव मला अजून पाठ आहे, पण ते कुणी मला विचारत नाही.