टॅबमधली हुशार पोरगी

टॅबचं नाव काढलं की आजही माझी तळपायाची आग मस्तकात जाते. घरी वसमतला नवरा म्हणतो, "झालं गेलं, सोड आता." काहून सोडू? त्याचं काय जातंय सोडायला!

मी पहिलीला शिकवते. बाळापूरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो, तिथली शाळा. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, हेडसर आणि मी. लेकरं घरात त्यांची बंजारा बोली, गोरमाटी, बोलतात. मराठी त्यांना बाजारात ऐकून ठाऊक असते, तोंडात बसलेली नसते. त्यामुळं जून-जुलै माझे नुसते बोलण्यात जातात. अक्षर नंतर. आधी लेकरानं "बाई, मला पाणी पाहिजे" हे न भिता म्हणावं, एवढंच. मीही त्यांची भाषा तोडकीमोडकी बोलते आणि ती माझ्यावर पोट धरून हसतात. हसलेलं लेकरू लवकर शिकतं, हे मला नोकरीनं शिकवलं.

श्रावणात शाळेला खोकंभर टॅब आले. देणाऱ्याचं भलं होवो. टॅबमध्ये टाकायला तीन अ‍ॅप सांगितली होती, तिन्ही लहान लेकरांना मराठी वाचायला शिकवणारी. त्यातलं एक शाळेनं निवडायचं, आणि तेही मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांनी चर्चा करून. चर्चा! आमच्या हेडसरांशी चर्चा म्हणजे ते बोलणार आणि मी चहा गाळणार.

पण या खेपेला मी हट्टाला पेटले होते. कारण वर्गात एक पोरगी होती. डोळे असे, की सांगायला गेलेली गोष्ट तिच्याकडे बघितल्यावर जास्त चांगली सांगितली जायची. तिचे आईबाप दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, पार गुढीपाडव्यापर्यंत. या वर्षी तिला पाठीवरचा भाऊ झाला होता. आई फडात कोयता चालवणार, मग पाचटाच्या कोपीत बाळाला कोण सांभाळणार? बाप शाळेत नाव घालायला आला तेव्हाच मला स्पष्ट बोलला.

"बाई, आजी हाय घरी. पोरगं शिकून राहिलं असंल तर आजीपाशी ठेवतो, लहान्याचं काहीतरी बघू. पण नुसतं बसून राहिलं असंल तर नेतो. मंग मला बोल लावू नका."

त्याचं चुकीचं काय होतं? मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांबा. तुमच्यासमोर वाचून दाखवील." बोलून बसले खरी. तेव्हापासून ती पोरगी माझी परीक्षा झाली.

तिन्ही अ‍ॅप मी वर्गातच लेकरांच्या हातात देऊन बघितली. पहिलं उघडलं की एक बाई हिंदी मिसळलेल्या मराठीत किंचाळायची, गाणं म्हणायची, मध्येच खेळण्यांच्या जाहिराती यायच्या. अर्धा तास लेकरं नुसती जाहिराती बघून राहिली. ते मी तिथंच बाद केलं.

दुसऱ्यात एक ससा होता. टोपी घातलेला, बत्तीशी दाखवणारा, पहिल्या क्षणापासून माझ्या डोक्यात गेलेला. त्यानं "इ इग्लूचा" म्हणून बर्फाचं घर दाखवलं. माझी पोरगी म्हणाली, "हे तर डालगं हाय. कोंबड्या झाकायचं." ससा म्हणाला, "अरेरे! पुन्हा प्रयत्न कर!" अरे मेल्या, तांड्यात येऊन बघ एकदा, डालगंच आहे ते. पण खरा घात पुढं होता. कोपऱ्यात एक हिरवं पान होतं. लेकरू वाचो न वाचो, पान दाबलं की गोष्ट आपोआप ऐकू यायची, ससा टाळ्या वाजवायचा, आणि लेकराच्या फोटोभोवती हिरवं कडं भरत जायचं.

तिसरं अ‍ॅप अगदी साधं. ना ससा, ना चांदण्या. एक आवाज सावकाश म्हणायचा, "घ." लेकरानं बोटानं घ गिरवायचा, चित्रांतून घ असलेली वस्तू शोधायची. आलं तर पुढं, नाही आलं तर तिथंच, कितीही दाबा. आणि त्यात बाईला आपला आवाज भरायची सोय होती. मी लगेच गोरमाटीत सूचना भरल्या. माझे उच्चार ऐकून लेकरं गडाबडा लोळली, पण हात मात्र गिरवत होते. माझ्या पोरीनं जीभ बाहेर काढून घ गिरवला, मग र, आणि स्वतःच थबकली. दोन्हींवर बोट ठेवून म्हणाली, "बाई! घर!"

मी तिला उचलून गरकन फिरवलं. लेकराशी पहिल्यांदा अक्षर बोलतं तो क्षण ज्यानं बघितलाय त्यालाच माझं म्हणणं कळेल.

मी हेडसरांना सांगितलं, "सर, हेच अ‍ॅप घ्यायचं."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मॅडम, यात हिरवं कुठं व्हते?"

"हिरवं म्हणजे?"

"प्रगती वो. दर शनिवारी सगळ्या शाळांच्या ग्रुपवर टाकायची हाय. पलीकडच्या शाळेचं सगळं हिरवं येऊन राहिलं. तुमच्या ह्या अ‍ॅपात लेकरू आठवडाभर घ वरच बसून हाय. वर काय दाखवू, घ?"

"घ दाखवा! घ येतोय त्यांना!"

"तुमी लई मनाला लावून घेता."

आणि त्यांनी सशाचं अ‍ॅप टाकलं, सगळ्या टॅबमध्ये. माझी सही त्यांनी मागितली तेव्हा मी नाही केली. त्यानं काही बिघडलं नाही, असं ते हसत म्हणाले. ते हसणं मी विसरलेले नाही.

मग सुरू झालं नाटक. लेकरं हळू जातात म्हणून शुक्रवारी दुपारी हेडसर स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर एकेक टॅब घ्यायचे आणि हिरवं पान दाबत सुटायचे. तोंडात सुपारी, बोट पानावर. एका लेकराची गोष्ट झाली की दुसऱ्याचा टॅब. पोरं भोवती गोळा व्हायची आणि तीच गोष्ट ऐकत बसायची. "एका रानात एक ससा होता. त्याला खूप भूक लागली." ऐकून ऐकून सगळ्यांना ती पाठ झाली. शनिवारी ग्रुपवर आमची शाळा हिरवीगार. अभिनंदनाचे अंगठे, हात जोडलेले, फुलांचे गुच्छ.

मी एकदा म्हटलं, "सर, लाज वाटत नाही का?"

"मॅडम, सगळेच करून राहिले. आपल्याच लेकरांचं नाव होऊन राहिलं ना? तुमचं काय जातंय?"

त्या टॅबांना मी हात लावायचं सोडलं. फळा, खडू, चिंचोके, बस. माझी पोरगी घर नंतर घन, मग नख, मग वर वाचायला लागली. सावकाश, अडखळत, पण स्वतःचं स्वतः. काना अजून पक्का नव्हता. मला घाई नव्हती, दिवाळीनंतरचे महिने हाताशी होते. बापाला मी फळ्यावर चार शब्द वाचून दाखवायला लावणार होते आणि सांगणार होते, "बघा, दार उघडलंय. आता नेऊ नका."

दसरा झाल्यावर तो आला. पांढरा सदरा, हातात नारळ. मी फळ्याकडे वळतेय तोवर हेडसर त्याला खुर्ची देऊन मोकळे. "या, या! तुमची पोरगी म्हणजे आमच्या शाळेचा हिरा! फळ्यावर काय बघता, हे बघा." आणि टॅब त्याच्या हातात. तिचा फोटो, भोवती पूर्ण भरलेलं हिरवं कडं, डोक्यावर मुकुट. हेडसरांनी पान दाबलं. ससा नाचला. "अभिनंदन! तू आता वाचायला शिकलीस!"

बापाचं तोंड उघडंच राहिलं. "हे हिच्यासाठी म्हणून राहिलं?"

"मंग! वाच ग बेटा, बापाला वाचून दाखव."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि सुरू झाली. "एका रानात एक ससा होता. त्याला खूप भूक लागली." न अडखळता. बोट आपलं भलतीकडंच फिरत होतं. मी पुढं झाले, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे, सांग बरं." तिनं माझ्याकडे बघितलं, शब्दाकडे बघितलं, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. "एका रानात..."

बापाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या घरात कधी कुणी वाचलं नव्हतं. तो उठला, नारळ माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुमी बोल्ल्या तसं केलं. पोरगी शिकली. आता काही फिकीर न्हाई. नेतो मी तिला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "नेतो? अहो, तुम्ही म्हणाला होता ना, शिकत असेल तर ठेवतो म्हणून?"

"शिकून झालं की! मशीनच म्हणून राहिली, शिकली म्हणून. मंग हितं बसून काय करंल? पुढचं पुढच्या साली."

हेडसरांचं हसू तोंडावरच वाळलं. मी त्यांच्याकडे बघितलं. "सर, सांगा. सांगा त्यांना, पान तुम्ही दाबलं म्हणून."

ते सुपारी चघळत राहिले.

"सर! एक वाक्य बोला! हिचं वर्ष वाचतंय!"

"मॅडम, शांत व्हा. पालकांसमोर असं..."

मग मीच बोलले. ओरडलेच म्हणा ना. "हिला वाचता येत नाही! हे पाठ केलेलं आहे! आत्ता कुठं दोन अक्षरं जोडायला लागलीय, हिला ठेवा!" पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या थोबाडीत मारलीय. बापाच्या समोर, भर वर्गात, तिची बाई म्हणत होती की तिला काही येत नाही. दुसरं काय करायला हवं होतं मी? आजही सांगा कुणीतरी.

बापाचा चेहरा बदलला. "बाई, आत्ता माझ्यासमोर वाचलं तिनं. मोठे सर म्हणून राहिले, मशीन म्हणून राहिली. तुमी एकल्याच न्हाई म्हणता. आमच्या तांड्यातलं लेकरू पुढं गेलं, ते बघवंना काय तुमाला?"

तिचा हात धरून तो गेला. नारळ टेबलावरच राहिला. हेडसर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, येईल पाडव्याला." मी तो नारळ उचलून बाहेर फेकला. हेडसरांच्या डोक्यात घातला नाही, एवढीच माझी सभ्यता.

टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेला होता. मी शाळेत पोचले तेव्हा तिची जागा रिकामी, आणि टॅबमधला फोटो मात्र हसतोय. पुढं सगळा हिवाळा ती फोटोतूनच शिकली. हेडसर शुक्रवारी तिचंही पान दाबायचे, नाहीतर शाळेचं हिरवं कमी झालं असतं. तिकडे ती कोपीत भावाला मांडीवर घेऊन बसलेली, आणि इकडे ग्रुपवर ती शाळेतली सगळ्यात पुढची वाचक. मी तक्रार केली. वरून उत्तर आलं की आपल्या शाळेची कामगिरी उत्तम आहे.

पाडव्यानंतर ती आली. तांड्याच्या वाटेनं दोन्हीकडं हळद वाळत घातलेली, त्यातनं चालत, कडेवर भाऊ घेऊन. उंच झाली होती, हातावर उसाच्या पातीचे ओरखडे. माझ्याकडे न बघता मागं जाऊन बसली. हेडसरांनी आवाज दिला, "अरे, आली का आमची हुशार! ये, वाचून दाखव सगळ्यांना." टॅब तिच्या पुढ्यात. तिनं बोट ठेवलं. "एका रानात एक ससा होता. त्याला खूप भूक लागली."

पडद्यावर ससा नव्हताच. हेडसर दाबत दाबत कितीतरी गोष्टी पुढं गेले होते. तिथं विहिरीची गोष्ट होती, जोडाक्षरांनी भरलेली. हेडसरांनी ती बघितलीही नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पान दाबलं, टॅबनंही टाळ्या वाजवल्या.

मी टॅब तिच्या पुढून ओढून घेतला आणि हेडसरांच्या मांडीवर टाकला. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते उठून बाहेर गेले. मग मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, घर. तिचा भाऊ माझ्या कडेवर घेतला आणि तिला जवळ बोलावलं.

ती आली. घ वर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडे वळली, ट्रक गेल्यापासून पहिल्यांदा.

"बाई," ती म्हणाली, "हे मला येत व्हतं."